बाशीचिलेशे लेट आहेत

"ते लेट आहेत," बानाचिलेशे म्हणाली.

दारातल्या गोऱ्या मुलीने मनगटावरचं घड्याळ बघितलं, हसली आणि "हरकत नाही, मी थांबते," म्हणून सरळ ओट्यावर बसली.

आमच्या म्पिकाकडे माणूस गेला की तो इंग्रजीत 'लेट' होतो. शाळेत, चर्चमध्ये, सरकारी अर्जावर, सगळीकडे तेच. वडील लेट आहेत, मामा लेट झाले, असं म्हटलं की समोरचा मान खाली घालतो आणि ओंजळ करून दोनदा हलकेच टाळी वाजवतो. ही मुलगी मात्र पाय पसरून बसली होती आणि रस्ता कोणत्या बाजूने येतो ते बघत होती.

चिलेशेची आई म्हणून ती बानाचिलेशे, आणि बाप म्हणून तिचा नवरा बाशीचिलेशे. मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं आमच्याकडे कागदावरच उरतात. कागदावर तो आयझॅक कांग्वा होता आणि बत्तीस वर्षं त्याने या भागातले हापसे दुरुस्त केले. सायकलला पाने बांधलेले, खिशात वायसरांची डबी. सातला येतो म्हणाला की सातला हजर. बायका हंडे घेऊन निघायच्या त्याच त्याची घंटी ऐकून. त्याला मूठमाती देताना पाद्रीबाबा 'लेट आयझॅक कांग्वा' म्हणाले, तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं होतं. बानाचिलेशेला त्याचा राग आला नाही, कारण रडता रडता तिलाही तेच सुचलं होतं.

मुलीचं नाव आइल्सा. स्कॉटलंडहून कामासाठी राजधानीला, लुसाकाला आली होती आणि एक दिवस काढून इथे आली होती. फर्गसची मुलगी, असं तिने सांगितलं तेव्हा बानाचिलेशेने दोन्ही हात गालांवर ठेवले. चाळीस वर्षांपूर्वी बोअर खणायला आलेला तो काटकुळा पोरगा, ज्याला सगळं गाव फगासी म्हणायचं! कांग्वाला हापशाचं काम त्यानेच शिकवलं, आणि त्याला बेम्बा भाषा कांग्वाने, त्यातल्या शिव्या आधी. आता फगासी म्हातारा झाला होता. पाय गेले होते, दिवसभर खिडकीशी बसून असायचा.

"बाबांना एकदा तुमच्या मिस्टरांशी बोलायचंय," आइल्सा म्हणाली. "ते आले की फोन लावते. समोरासमोर दिसतील दोघं. माझी गाडी चारला आहे, तोवर येतील ना? कुठे गेलेत?"

आता सांगायलाच हवं होतं. बानाचिलेशेने तोंड उघडलंही. पण मुलीने पिशवीतून कंगवा काढला होता आणि भेटीच्या तयारीने ती प्रवासात विस्कटलेले केस नीट करत होती. नवऱ्याला भेटायला कुणी असं सजून बसल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

"टेकडीपलीकडे," बानाचिलेशे म्हणाली. ते खोटं नव्हतं. गावाची दफनभूमी टेकडीपलीकडेच आहे.

मग तिने कोंबडी धरली. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला पालेभाजीवर कोण जेवू घालेल! बुआलीसाठी, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीसाठी, पीठ घाटताना तिचा हात तिघांच्या अंदाजाने सैल पडला आणि तिने तो आवरला नाही. बोलत राहिली ती. त्यांना मीठ कमी लागतं. सायकलला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. दुरुस्त केलेल्या हापशाचं पहिलं पाणी ते स्वतः पितात, मग इतरांना भरू देतात. आठ वर्षं ती होते, करायचे, म्हणायचे असंच बोलत आली होती. आज तिला 'होते'चं 'आहेत' करताना जराही अडखळायला झालं नाही. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटत होतं.

रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की आइल्सा मान उंच करायची. बानाचिलेशेही करायची. आधी मुलीला दाखवायला म्हणून, नंतर आपोआप.

दुपारी शेजारची बानाबुपे चाळण परत द्यायला आली. तिने ओट्यावरची पाहुणी बघितली, झाकून ठेवलेलं तिसरं ताट बघितलं आणि बेम्बात विचारलं, "अगं, ही पोरगी कुणासाठी बसलीये?"

"बाशीचिलेशेंसाठी."

बानाबुपे हातातली चाळण उलटीसुलटी करत राहिली. मग म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं? गाडी चुकेल तिची."

"साडेतीनपर्यंत बसू दे. मग सांगते."

"आणि साडेतीनला काय, उठवून आणणारेस त्यांना?"

बानाबुपेने तिला आणखी दोन शब्द सुनावले, आपलं वय काय नि वागतेस काय म्हणून. फाटकाशी गेल्यावर मात्र तीसुद्धा क्षणभर थांबली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून मग घरी गेली.

सव्वातीन झाले तशी आइल्सा चुळबुळ करू लागली. बाबा तिकडे सकाळपासून फोनची वाट बघत असतील, निदान तुमच्याशी तरी बोलू देत, असं म्हणून तिने फोन लावला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला. कान तेवढे फगासीचे होते.

"बाबा, मी त्यांच्या घरी आहे," आइल्सा म्हणाली. "पण ते अजून आलेच नाहीत. लेट आहेत म्हणतात. सकाळपासून बसलेय मी."

म्हातारा काहीच बोलला नाही. नेटवर्क गेलं असं वाटून आइल्साने फोन हलवून बघितला. म्हातारा तिथेच होता. सात वर्षं या गावात राहिलेला माणूस तो. त्याला तो शब्द कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"फोन त्यांच्याकडे दे," तो म्हणाला.

बानाचिलेशेने फोन दोन्ही हातांनी धरला. फगासीच्या बेम्बाला गंज चढला होता, पण शब्द सापडत होते.

"बानाचिलेशे. कधी?"

"आठ वर्षं झाली. ताप आला, दोनच दिवस."

फगासीने चष्मा काढला. मग दोन्ही हात पडद्यात दिसतील असे वर आणले, ओंजळ केली आणि दोनदा टाळी वाजवली. गावाच्या रीतीने, अगदी बरोबर. आइल्सा बापाकडे नवलाने बघत होती.

"पोरीला कळलेलं नाही," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे. मीच सांगितलं नाही. मला... बरं वाटत होतं, फगासी."

तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "हिची आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. येईल, येईल म्हणून मी हिला आठवडाभर दाराशी बसू दिलं. तेवढं एक तिने मला अजून माफ केलेलं नाही. सांगून टाका तिला."

फोन बंद झाला. बाबा काय म्हणाले, असं आइल्साने विचारलं. बानाचिलेशे तिच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि सावकाश म्हणाली, "मुली, माझे मिस्टर लेट आहेत."

"हो, ते कळलं मला," आइल्सा म्हणाली. "फक्त किती वेळ लागेल, तेवढं सांगा ना."

म्हणजे दुसरा शब्द वापरल्याशिवाय सुटका नव्हती. तो बानाचिलेशेला येत होता. टॉर्चचे सेल गेले की आमच्याकडे तो शब्द वापरतात. लॉरीखाली आलेल्या शेळीला वापरतात. माणसाला नाही. आठ वर्षांत कुणाच्याही तोंडून तिने तो नवऱ्यासाठी ऐकला नव्हता, आणि स्वतःच्या तोंडून येईल असं तर तिला वाटलंच नव्हतं.

"डेड," ती म्हणाली. "माझे मिस्टर डेड आहेत."

आइल्साचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानांपर्यंत लाल. तिने झाकलेल्या ताटाकडे बघितलं. "मग मला बसू का दिलंत तुम्ही?"

बानाचिलेशेने काही लपवलं नाही. "आठ वर्षांत त्यांची वाट बघायला कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली. "तू बघायला लागलीस, तर मलाही बघावीशी वाटली. चुकलं माझं."

मुलगी रडायला लागली. आईची आठवण येऊन की या म्हातारीसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. बानाचिलेशेने तिला रडू दिलं, पाणी दिलं, आणि ते तिसरं ताट तिच्यापुढे सरकवून, आणखी दोन घास खा, लांबचा प्रवास आहे, असं म्हणाली. आइल्साने डोळे पुसत पुसत निम्मं संपवलं.

"ऊठ आता," मग बानाचिलेशे म्हणाली. "चारची गाडी धर. घरी तुझे बाबा वाट बघतायत. ज्याची वाट बघायची तो येण्यासारखा असला की त्याने उशीर करू नये."

तिने आइल्साची जड पिशवी उचलली, डोक्यावर ठेवली आणि मान ताठ धरून फाट्याकडे पुढे चालू लागली. आइल्साने मागून दोनदा ती मागितली. पण गाडी येऊन उभी राहीपर्यंत बानाचिलेशेने पिशवी खाली उतरवली नाही.