म्हातारीचं आठचं अ‍ॅव्हरेज

त्या सोमवारी आमच्या पंपावर एवढी गर्दी लोटली होती, की रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं डिझेल फुकट वाटताहेत. फुकट काहीच नव्हतं. गाड्यांचं अ‍ॅव्हरेज वाढवून देणारे अ‍ॅव्हरेजमहाराज आले होते, आणि माझ्या वडिलांच्या ट्रकच्या रेडिएटरला कान लावून ट्रकचं म्हणणं ऐकून घेत होते.

"काय म्हणते, महाराज?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"रडते," महाराज म्हणाले. "लेकरांनो, गाडी म्हातारी होत नाही. गाडी रुसते! मालकाची नजर नव्या गाडीवर गेली, की ही रागारागाने जास्त प्यायला लागते."

ट्रकवाल्यांनी माना डोलावल्या. जास्त पिण्याचं हे कारण त्यांना घरच्या अनुभवावरून पटलं असावं.

मी त्या पंपावर डिझेल भरते. माझे वडील, म्हणजे अण्णा, बावीस वर्षं ट्रान्सपोर्टवाल्या शेठचा तोच एक ट्रक चालवतात. सगळे त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारी लिटरला चार किलोमीटर जाते. शेठनी आणलेल्या नव्या गाड्या सहा जातात. तेव्हा शेठनी सांगून टाकलं होतं, की जुन्या गाड्या महिनाअखेर भंगारात. नव्या गाड्या चार, ड्रायव्हर पाच. ज्याला नवी गाडी हवी त्याने शुक्रवारपर्यंत ट्रेनिंगला नाव द्यायचं. तीन नावं गेली होती. अण्णांचं त्यात नव्हतं.

"आधी टाकी गच्च भरा," महाराजांनी फर्मावलं.

मी नोझल लावलं. टाकी भरली की ते आपोआप खट्ट करून बंद होतं. आमच्या धंद्यात खट्ट हा शेवटचा शब्द. मालक खोटं बोलेल, ड्रायव्हर खोटं बोलेल, खट्ट खोटं बोलत नाही. मग महाराजांनी बॉनेटखाली तांब्याची तार गुंडाळली, सीटखाली एक पुडी ठेवली, आणि म्हातारीला खाणीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर.

गाडी परत आली तेव्हा पंपासमोर दोन लाकडी ठोकळे मांडून ठेवलेले होते, वीतभर उंच.

"पुढची चाकं यावर घ्या," महाराज म्हणाले. "प्रसन्न झालेली गाडी मान खाली घालून उभी राहत नसते."

म्हातारी मान वर करून उभी राहिली. मी नोझल लावलं. खट्ट.

"पंधरा!" मी ओरडले. पंधरा लिटर, एकशेवीस किलोमीटर. लिटरला आठ!

पुढचा अर्धा तास पंपावर शहाणं माणूस औषधालाही नव्हतं. एकाने स्वतःच्या टेम्पोची माफी मागितली. मॅनेजरसाहेबांनी जनरेटरसाठी पुडी घेतली. एकाने तर विचारलं, "महाराज, मेव्हण्याचं अ‍ॅव्हरेज सुधारेल का? चार महिने झाले, खातो रोज, हलत नाही." महाराजांनी त्यालाही पुडी दिली. उशीखाली ठेवायला.

अण्णा मात्र म्हातारीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे होते. डोळ्यांत धूर गेला म्हणाले. इंजिन बंद होतं.

घरी मी म्हटलं, "अण्णा, नाव देऊन तर ठेवा. नको वाटलं तर काढून घेऊ."

"आठ देणारी गाडी कोण भंगारात काढतं?"

"शेठचा काय भरवसा?"

"शनिवारी शेठना बोलावलंय. डोळ्यांनी बघू दे त्यांना." मग खिडकीतून बाहेर उभ्या ट्रककडे बघत म्हणाले, "आणि हळू बोल. तिच्या कानावर जाईल."

मी हसले. तेही हसले, पण नाव दिलं नाही. शुक्रवारी चौथी जागा भरली. महाराजांपुढे सगळ्यात लांब लोटांगण घालणारा ड्रायव्हर गुपचूप जाऊन नाव देऊन आला होता.

शनिवारी भर दुपारी म्हातारी पुन्हा टाकी गच्च भरून खाणीकडे गेली. शेठ सावलीत खुर्ची टाकून बसले. मी माझी पाण्याची बाटली उतरत्या कठड्यावर आडवी टाकली होती, झाकण खालच्या बाजूला. अर्धं पाणी मी प्यायले होते, तरी झाकणाकडून बघितलं तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली दिसत होती. रिकामी जागा सगळी वर, बुडाकडे.

मी बाटली सरळ केली. परत तिरकी केली. म्हातारीची टाकी लांबट आहे आणि तिचं तोंड मागच्या टोकाला आहे.

गाडी आली, ठोकळ्यांवर चढली. खट्ट. पंधरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अण्णा," मी म्हटलं, "गाडी खाली घ्या."

"खबरदार!" महाराज गरजले. "आसनावरून उतरवली तर गाडीला शाप लागेल!"

"काय होईल? भंगारात जाईल? ते तर ठरलेलंच आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग वर चढून त्यांनी गाडी सपाट जमिनीवर घेतली. मी नोझल लावलं. सोळा. सतरा. वीस. पंचवीस. तीस. खट्ट.

एकशेवीस भागिले तीस. चार.

मी बाटली तिरकी धरून सगळ्यांना दाखवली. पुढची चाकं वर गेली की डिझेल मागे तोंडाशी येतं, हवा पुढे अडकते, आणि टाकी भरायच्या आधीच खट्ट होतं. तार नाही, पुडी नाही. दोन ठोकळे. जुनं इंजिन रुसत नाही, झिजतं. त्याचा काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. नव्या इंजिनात ते बेतून फवारलं जातं, म्हणून जास्त जळतं आणि कमी लागतं. यात कुणाचा राग नाही आणि कुणाची कृपाही नाही.

महाराज तोवर निघून गेले होते. त्यांची स्वतःची गाडी कोरी करकरीत होती. ती बहुधा रुसत नसावी.

शेठ उठले. "काल जरी नाव दिलं असतंस ना..." एवढं म्हणून थांबले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

गर्दी पांगल्यावर अण्णा पायरीवर बसले. मी शेजारी बसले.

"मला ठाऊक होतं गं," ते म्हणाले. "बावीस वर्षं चार. उतारावर साडेचार. त्या बुवावर माझा काडीचा विश्वास नव्हता."

"मग नाव का नाही दिलंत?"

"तू ओरडलीस ना, पंधरा म्हणून. मला वाटलं, माझी पोर खोटं कशाला सांगेल."

यावर मला एकही विनोद सुचला नाही. अजूनही सुचलेला नाही.

म्हणून सांगते. चमत्कार करणारा एकटा काही करू शकत नाही. त्याला आकडा ओरडून सांगणारं एक प्रामाणिक माणूस लागतं. ते माणूस तुम्ही होऊ नका. ओरडण्याआधी खाली वाका, चाकाखाली काय आहे ते बघा, पुन्हा एकदा मोजा. आकडा फार आवडला असेल, तर दोनदा मोजा. आपल्यावर विश्वास ठेवून बसलेलं कुणीतरी घरी असतं, आणि त्याचा शुक्रवार परत येत नाही.