नाव घे

परळच्या आमच्या अनाथाश्रमात मुलीला सोळावं लागलं की चिटणीस बाबुराव तिच्यासाठी स्थळ आणत. स्थळ म्हणजे बहुधा बिजवर. पहिली बायको गेलेली, घरात रांधायला कुणी हवं, आणि मुलीच्या बाजूने भांडायला कुणी नको, अशा सोयीने बघायला येणारे. आम्ही कुणाच्याच कुणी नव्हतो, तेव्हा आम्हांला विचारणार कोण!

शेवंती अकरावीत होती. मार्चात तिची मॅट्रिकची परीक्षा. आश्रमातली एकही मुलगी आजवर तिथपर्यंत पोचली नव्हती. आणि बाबुरावांनी परीक्षेच्या आधीच तिचं लग्न ठरवलं, भायखळ्याच्या राजाराम किराणावाल्याशी. तिची शाळा सुटली की मागच्या आम्हा सगळ्यांची सुटणार, हे नववीतल्या मलाही स्वच्छ दिसत होतं. माझा नुसता संताप होत होता.

साखरपुड्याला राजारामला घेऊन त्याची आत्या आली. पुडा हातात द्यायच्या आधीच तिला हौस आली.

"नाव घे गो राजारामाचा! लाजतस कित्याक?"

शेवंती लाजत नव्हतीच. तिने मान वर केली.

"भोंगा झाला गिरणीचा, जागं झालं परळ,
लग्नाआधी मॅट्रिक होणार, सांगते मी सरळ."

आत्याबाई गोंधळल्या. "ह्यात नाव खंय?"

"घेतलं की. मॅट्रिकचं."

जिन्यावर बसलेल्या आम्ही पोरी फिदीफिदी हसलो. आत्याबाईंनी साखरेचा पुडा पिशवीत कोंबला, घोड्याएवढ्या राजारामला दंडाला धरून उठवलं आणि चालत्या झाल्या.

बाबुराव लालबुंद झाले. हा माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आला होता. नाक्यानाक्यावर भाषणं ठोकायचा आणि आम्ही खुळ्या खिडकीतून टाळ्या पिटायचो.

"कुणाला विचारून बोललीस?"

"तुरुंगात जाताना तुम्ही कुणाला विचारलं होतंत? मुंबई मागून मिळत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"उद्याच्या उद्या बाहेर काढीन!"

"काढा," शेवंती म्हणाली. "पहिल्यांदा टाकलं तेव्हा मला चालता येत नव्हतं. आता येतं."

अधीक्षिका कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी जिन्यावरूनच ओरडले, "शेवंती मॅट्रिक..."

"झालीच पाहिजे!" सगळ्या पोरींनी उचललं.

बाबुरावांनी टोपी चढवली. दादरला त्यांची सभा होती. पण शेवंती दारातच फतकल मारून बसली, आणि जिना उतरून आम्हीही तिच्याभोवती दाटीवाटीने बसलो. बाहेर पडायचं तर पोरींना ओलांडावं लागणार होतं.

"उठवा ह्यांना," ते कमलाबाईंवर खेकसले.

कमलाबाईंनी आजवर त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. "मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

रस्त्यावर त्यांना न्यायला आलेले कार्यकर्ते थांबून पाहत होते. आमच्या घोषणा त्यांना स्वच्छ ऐकू येत होत्या. एकाने तर हसून साथही दिली. बाबुरावांना घाम फुटला.

"बस! बस बाई, बस परीक्षेला!"

शेवंती जागची हलली नाही.

"मी एकटी नाही," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या बसणार."