तोंड फक्त खाण्यापुरतं

मुलीची अट एकच होती: तोंड फक्त खाण्यापुरतं उघडायचं. तक्रारीचा एक शब्द जरी बाहेर पडला, तर आमच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट ती घेणार नव्हती. नवऱ्याला घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला जाणार होती. फ्लॅटच्या मालकाला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, म्हणजे माझी परीक्षा दुपारच्या जेवणातच उरकायची होती.

अट उगीच घातलेली नव्हती. वजनमाप खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होतो. निवृत्त झालो, पण जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते? दीड वर्षापूर्वी हिच्याच लग्नाच्या स्वागतसमारंभात आइसक्रीमचा कप हातात घेतला आणि तो हलका लागला. गेलो थेट स्वयंपाकघरात. बेचाळीस कप वजन करून पाहिले. शंभर ग्रॅमचा कप चौऱ्याऐंशीचा निघाला. रीतसर पंचनामा केला आणि पंच म्हणून जावयाच्या दोन काकांच्या सह्या घेतल्या. तेवढ्यात स्टेजवर घरच्यांचा फोटो काढून झाला. त्यात दोन्ही काका नाहीत आणि नवरीचा बापही नाही. केटरर गुन्हेगार ठरला, पण मुलगी त्यानंतर माझ्यासोबत एकदाही जेवायला बसली नाही. फोन यायचा तो आईला.

सुशीचं हे हॉटेल जावयाने निवडलं होतं. जावई भला माणूस. टॅक्सीवाल्याने चुकीच्या पत्त्यावर सोडलं, तर आभार मानून तिथून चालत येणारा.

आम्ही बसलो. काळ्या कपड्यांतल्या वेटरने चौघांपुढे चार रिकाम्या ताटल्या ठेवल्या आणि तो निघून गेला. वीस मिनिटांनी परत आला, तेव्हाही हात रिकामेच.

"आधी ताटलीशी ओळख होऊ द्या," तो म्हणाला.

मी तोंड उघडणार एवढ्यात बायकोने टेबलाखालून मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. प्यायचं पाणी मात्र कुठेच दिसत नव्हतं. पाणी मागणं ही तक्रार होते का, असं मी डोळ्यांनीच मुलीला विचारलं. तिने जरा विचार करून नकारार्थी मान हलवली. मागितलं.

वेटर म्हणाला, "शेफना विचारावं लागेल."

शेफ समोरच ओट्यामागे उभा होता, भिंतीकडे तोंड करून. आज त्याचं भाताशी बिनसलं होतं म्हणे. वेटर त्याच्या पाठीशी काहीतरी कुजबुजला आणि परत आला.

"शेफ म्हणतात, आत्ता नको."

मी हाताची घडी घातली. एरवी एवढ्यावर मी निदान आवाज तरी चढवला असता.

शेवटी एकदाची सुशी आली. माणशी एक. अंगठ्याएवढा भाताचा गोळा आणि त्यावर माशाचा इतका पातळ काप की खालचं शीत न् शीत मोजता यावं. दर्या में खसखस! मी तो तुकडा काड्यांनी न उचलता बोटांत धरला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. साडेअकरा ग्रॅम. माझी बोटं खोटं सांगत नाहीत. मेन्यूत चक्क वीस छापलं होतं.

मुलगी टक लावून माझ्याकडे बघत होती. मी तुकडा गिळला.

"छान," मी म्हणालो.

"हा मासा एकलकोंडा होता," वेटर गंभीरपणे सांगू लागला. "कळपात रमायचा नाही."

"लग्न नव्हतं झालं?" जावयाने कळवळून विचारलं.

दुसरी फेरी आली तेव्हा बायको माझ्या कानात "अजून थोडा वेळ दम धरा हो" एवढंच म्हणाली. वेटरने चारही ताटल्या परत उचलल्या. "बोलण्याने मासा विचलित झाला," म्हणाला, आणि त्या त्याने शेजारच्या टेबलावरच्या एका लठ्ठ गृहस्थापुढे ठेवल्या. गृहस्थाने चारही तुकडे खाल्ले. मग वेटरने आम्हाला टाळ्या वाजवण्याची खूण केली. जावयाने वाजवल्या. मीही वाजवल्या! ज्या माणसाला बघून भाजीवाले तराजू पुसायला घ्यायचे, तो मी, माझाच घास खाणाऱ्याला टाळ्या देत होतो.

"बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मुलीने हळूच माझ्या कपाळाला हात लावला.

मी मान हलवली.

मग बिल आलं. खाली दोन जादा रकमा होत्या: ताटलीपरिचय आणि टाळ्यांची संधी. मुलीने ते दोनदा वाचलं. तिचे कान लाल होताना मला दिसले. माझेही असेच होतात. खाण तशी माती.

"मॅनेजरला बोलवा," ती म्हणाली.

मॅनेजर आला.

"मेन्यूत वीस ग्रॅम लिहिलंय. तो तुकडा बाराच्या वर नव्हता."

मी थक्क झालो. बारा! नुसत्या हाताच्या अंदाजाने, आणि चूक फक्त अर्ध्या ग्रॅमची! लहानपणी माझ्याबरोबर बाजारात यायची, तेव्हा कंटाळून लोंबकळते आहे असं मला वाटायचं. ती तर शिकत होती!

मॅनेजर गोड हसला. "मॅडम, तुमच्या वडिलांनी छान म्हटलं, टाळ्याही वाजवल्या. त्यांनाच विचारू या. काका, काही कमी होतं का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं बोललो तर अट मोडते आणि दुसरा मजला हातचा जातो. गप्प बसलो तर भरल्या हॉटेलात मुलगी खोटी पडते. एकदा तिला स्टेजवर सोडून गेलो होतो, तेवढं पुरे होतं.

"बोलू?" मी तिला विचारलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाची परवानगी मागत होतो.

तिचे डोळे भरून आले. "बोला."

पाच मुद्द्यांचं भाषण तयार होतं, कलमांसकट. पण उभा राहिलो आणि एवढंच निघालं, "माझी मुलगी म्हणते ते बरोबर आहे."

शेफने पहिल्यांदाच तोंड आमच्याकडे वळवलं.

"साडेअकरा," तो म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.

मॅनेजरने निमूटपणे बिलातल्या दोन ओळी खोडल्या.

बाहेर फुटपाथवर आलो तेव्हा चौघांच्याही पोटात कावळे ओरडत होते.

"फ्लॅटवाल्यांना फोन कर. हो म्हणून सांग," मुलगी नवऱ्याला म्हणाली.

जावई पांढराफटक पडला. "हे दोघं... एकाच जिन्यावर?" त्याने आशेने सासूकडे पाहिलं.

"सवय होते," बायको म्हणाली.

त्याने नंबर लावला. मुलगी माझ्या शेजारून चालू लागली.

"एवढा वेळ गप्प होतात, मला वाटलं तुम्हाला काहीतरी झालंय. घाबरले होते मी."

"तुझ्यासाठी बसलो होतो गप्प."

"माहितीये," ती म्हणाली. "परत नका बसू."