शेजारच्या घराहून मोठं

१९९४ साल. भूकंपाला वर्ष व्हायचं होतं, आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. औसा तालुक्यातल्या भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमधून सदफ आणि राजश्री एसटीनं सौदामिनीबाईंकडे इंग्रजी शिकायला यायच्या. सदफच्या अम्मीची, हुसेनबीची, एकच अट होती: राजश्री सोबत असेल तरच जायचं.

बाईंची जुनी रीत होती. बिग, बिगर, बिगेस्ट शिकवताना मुलांनी ओळीनं उठायचं आणि आपलं घर शेजारच्याच्या घराशी ताडून बघायचं. मुलं खिदळत असतानाच पाळी सदफवर आली. ती सवयीनं बोलून गेली, "राजश्रीज हाउस इज बिगर दॅन माय हाउस."

भूकंपाआधी गावात ते खरंच होतं. राजश्रीच्या वडिलांनी जाड दगडी भिंतींवर नवी माडी चढवली होती. त्याच भिंतींखाली आईवडील आणि भाऊ गेले. राजश्री आजोळी, निलंग्याला होती म्हणून वाचली. सदफच्या कुडाच्या खोपीचं नुसतं छप्पर कललं होतं.

राजश्रीनं दप्तर उचललं आणि ती वर्गाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीला आली नाही. सदफ तिच्या शेडवर गेली. दारात चुलते अमृतराव होते. "न्हाई येत म्हणायली. आमी बी आता स्थळ बघायलोय."

आत राजश्री भाकरी थापत होती.

"तू न्हाई आलीस तर माझा बी क्लास बंद गं."

"होऊ दे. तुमचं घर लहान होतं, म्हणून तुमी समदे हायेत."

"हाव," सदफ म्हणाली. "म्हणून तर अम्मी तुमच्या दारावरून मान खाली घालून जाती."

राजश्रीचा हात थांबला. "मला वाटलं, अपशकुनी म्हणून टाळती."

"येडी का काय! तिला जगल्याची शरम वाटती."

तव्यावरची भाकरी करपली. ती उतरवत राजश्री म्हणाली, "बाईला सांग, घरं सोडून काय बी मोजा म्हणावं."

"मी न्हाई. तुझ्या तोंडानं सांग."

राजश्रीनं वर्गात जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून बाई टेबलावर हरभरा, तूर आणि मूग ठेवून शिकवू लागल्या. क्लास बंद होईपर्यंत तसंच.

अमृतरावांनी स्थळ बघणं दोन वर्षं लांबवलं, मग विषयच सोडला. राजश्री नर्स झाली, सोलापुरात राहिली. सदफनं निलंग्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. हुसेनबीला पुनर्वसनात घर मिळालं, सगळ्यांत लहान मापाचं. ती मात्र शेवटपर्यंत अंगणातच निजली.