कुंडीतली बटणं

"झाड पाण्याने मरतंय तुमचं," नर्सरीवाला पान उलटंपालटं करत म्हणाला. "कडा कडकडीत वाळल्या असत्या तर म्हटलं असतं, पाणी कमी पडतंय. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असतं, तर लोह कमी. हे बघा, खालची पानं आधी पिवळी, आणि हाताला मऊ. मुळं कुजतायत."

"शक्य नाही," लिफ्टवाले फटकन म्हणाले. "पाणी बायको घालते. सकाळी एक तांब्या, बस्स."

"मग तांब्या मोठा असेल," नर्सरीवाला हसला. "माती बदला, कुजकी मुळं छाटा. आणि रोज बोट खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी."

ते हसू लिफ्टवाल्यांना झोंबलं. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस. बिघाड शोधायची त्यांची ठरलेली रीत होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची. लेकीने सासरी जाताना लावलेलं ते लिंबाचं रोप त्यांनी आधी उन्हात सरकवलं, मग खत घातलं. बायकोच्या हातावर संशय घ्यायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तिने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, बोटभर कापड कधी वाया घालवलं नाही. ती बाई पाण्याच्या मापात चुकेल?

घरी येऊन त्यांनी कुंडी उपडी केली. आत नुसता चिखल, त्याला आंबूस वास. आणि त्या चिखलातून बटणं निघायला लागली. पांढरी, निळी, कोटाची मोठाली, बाळाच्या झबल्याची इवलीशी. चांगली मूठभर निघाली. शिवणाचा डबा कधीतरी सांडला असेल म्हणून त्यांनी ती धुऊन डब्यात टाकली, कोरडी माती भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत ठाण मांडलं.

बायको आली. तांब्याभर पाणी घातलं, एक बटण मातीवर ठेवलं आणि त्यांना चहा आणून दिला. थोड्या वेळाने पुन्हा तांब्या घेऊन आली आणि बटण बघून थबकली. दारात अनोळखी माणूस उभा असावा तशी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ते मातीत दाबलं, पाणी घातलं आणि वर दुसरं बटण ठेवलं. आत जाऊन पुन्हा चहा आणला.

दुसरा चहा हल्ली रोजच मिळत होता. म्हातारपणी बायकोची माया उतू चाललीय, असं समजून स्वारी खूष होती! आज त्यांनी तो कप तसाच खाली ठेवला. पाणी घातलं की बटण ठेवायचं, म्हणजे घातलंय हे कळेल, ही तिचीच युक्ती. म्हणजे तिला ठाऊक होतं, त्यांच्याआधीपासून. एकटीने भीती गिळून तिने त्यांना पत्ता लागू दिला नव्हता, आणि आता ती युक्तीही तिला आठवत नव्हती.

तिसऱ्यांदा ती भरला तांब्या घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"अहो, हे बटण कुंडीत कुणी ठेवलं?"

खरं सांगायचं तर आत्ताच. बिघाड दिसला की समोरच्याच्या तोंडावर सांगून मोकळा होणारा माणूस तो. पण तिच्या डोळ्यांतली भीती त्यांना बघवेना.

"मीच," ते म्हणाले. "शर्टाचं तुटलं. ठेवलं तिथे."

"कुंडीत?" तिचा चेहरा एकदम सैलावला. "काही म्हणजे काही लक्षात राहत नाही हो तुमच्या! आणा तो शर्ट इकडे."

ते आत गेले. कपाटातल्या एकाही शर्टाचं बटण तुटलेलं नव्हतं. सगळी तिनेच लावलेली. दाराआड उभं राहून त्यांनी पांढऱ्या शर्टाचं एक बटण ओढलं. निघेना. शेवटी दातांनी तोडलं.

बाहेर येऊन त्यांनी शर्ट तिला दिला आणि तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. तिने कुंडीतलं बटण पदराला पुसलं. निळं होतं.

"हेच ना?"

"हेच," ते म्हणाले.

सुईत दोरा तिने पहिल्या खेपेलाच ओवला. टाके घट्ट आणि एकसारखे पडत होते. भरलेला तांब्या मांडीवर धरून लिफ्टवाले तिच्या शेजारी बसून राहिले.