गोलातलं अक्षर

झाकणावरचा तो गोल इतका बारीक होता, की नखाने खरवडला असता तर निघून आला असता... पण त्याच्या डावीकडचं नाव ती अजून वाचतच होती. ठकू. पत्र्याच्या हिरव्या डबीवर, वळणदार अक्षरांत – ठकू मलम – आणि शेवटी गोलातला तो इंग्रजी आर.

मुखपृष्ठ करणारी चित्रकार डबी तिच्या टेबलावर ठेवून तिला विचारत होती, की फोटोतलं हे चिन्ह ठेवायचं की पुसायचं. मजकुरातून तर तुम्ही सगळीकडून उडवलंत. हो, उडवलं होतं. सकाळपासून दुसरं केलं काय होतं? घरगुती औषधांवरचं पुस्तक, लेखकाने प्रत्येक नोंदणीकृत नावाला गोल चिकटवलेला, आणि प्रकाशनाचा नियम असा, की मजकुरात नाव तेवढं पुरे. लाल पेन गोलावर मारायचं, पुढे जायचं. मुद्रितं तपासणाऱ्याची नजर चुकीवर असते, शब्दावर नाही, असं ती नव्या लोकांना ऐटीत सांगायची – आणि म्हणूनच ठकू, ठकू, ठकू, पानामागून पान, तिच्या डोळ्यांखालून गेली होती आणि तिला पत्ताच नव्हता.

ठकू म्हणजे मी. बाबा मागच्या खोलीत मलमासाठी मेण वितळवायचे तेव्हा मी पायात घोटाळायचे, आणि ते म्हणायचे, ठकू, लांब हो, भाजशील... शाळेत, सासरी, इथे हजेरीला दुसरंच नाव. ठकू फक्त त्यांच्या तोंडी. शेवटच्या आजारपणात ते बाकी सगळं विसरले, तेवढं राहिलं. ते गेल्यावर तिने ते नाव कुणाला सांगितलंही नव्हतं.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. मलमाचा धंदा आता तोच बघतो. त्याच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती, हेच तिला जास्त लागलं.

"अगं ताई, नाव नोंदवलं नसतं तर दुसऱ्या कुणी उचललं असतं ना. वकील म्हणाले, करून टाका. आता आपलंच आहे ते."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"म्हणजे... कंपनीचं. तुला कोण अडवतंय?"

कोणीच नाही. तिने फोन ठेवला. चित्रकार अजून उभी होती, काय झालं विचारावं की नाही अशी. सकाळी लेखकही असाच घाबरला होता, चिन्ह काढलं तर मालकांचा हक्क जाईल म्हणून, आणि तिने हसून त्याची समजूत काढली होती – काही बिघडत नाही, नाव ज्याचं आहे त्याचंच राहतं. किती सहज बोलले मी.

"डबीवरचं राहू दे," ती चित्रकाराला म्हणाली, आणि पुढचं पान ओढलं. डोळे मिटून तिने बाबांचा आवाज आठवून पाहिला. आला, अगदी स्वच्छ आला – ठकू... आणि पुढचे शब्द ऐकू येण्याआधी तिचा हात, त्या ऐकलेल्या नावाच्याही उजवीकडे गोल असावा तसा, पेन टेकवायच्या बेतात थांबला होता.