सात विती, चार बोटं

मिस्त्रींनी उशीजवळ अंगठा टेकवला, करंगळी पायथ्याकडे ताणली आणि पलंगाच्या कडेकडेने हात सरकवत नेला. एक. दोन. तीन. लेक विक्रीवाल्या मुलीबरोबर बाल्कनीतून परतेपर्यंत त्यांचं मोजून झालं होतं. सात विती आणि चार बोटं. हवी होती आठ आणि चार.

टेप असता तर एका झटक्यात काम झालं असतं. पण सकाळी निघतानाच लेकीने तो त्यांच्या खिशातून काढून आपल्या पर्समध्ये टाकला होता. "आज घर बघायला चाललोय बाबा, कामावर नाही. चारचौघांत टेप काढून बसाल," असंही वर ऐकवलं होतं. चाळीस वर्षं खिशात टेप बाळगणाऱ्या माणसाचे हात तेव्हापासून शिवशिवत होते. ते कधी भिंतीवर बोटं वाजवत, कधी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत. एका जागी त्यांचा पाय ठरत नव्हता.

"आवडली का खोली, काका?" विक्रीवाल्या मुलीने विचारलं. "पलंग, कपाट, टेबल, सगळं बसून वर फिरायला एवढी जागा उरते."

"दार कुठंय हिला?"

"सँपल फ्लॅट आहे ना हा! मोकळंढाकळं दिसावं म्हणून दारं लावत नाही आम्ही."

मोकळंढाकळं कसं दिसतं हे मिस्त्रींना तिने शिकवायची गरज नव्हती. दार म्हटलं की उघडायलाच अडीच फूट जागा खातं. त्यांनी कपाट उघडून पाहिलं. आत एकच शर्ट होता आणि तोही तिरका टांगलेला, कारण हँगर सरळ मावेल एवढं ते कपाट खोल नव्हतंच. त्यांनी ते हळूच लोटून बंद केलं.

कपाट कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पलंग मात्र त्यांचाच होता. तीन वर्षांपूर्वी कंत्राटदार कारखान्यात येऊन म्हणाला होता, "मिस्त्री, सव्वासहा फुटांचा पलंग साडेपाच फुटांत बसवायचाय. नमुन्याच्या फ्लॅटसाठी. पण कुणाच्या बापाला कळता कामा नये." मिस्त्रींच्या डोळ्याचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं. ते मापं सांगत आणि लेक प्लायवर पेन्सिलीने लिहून देई. पुढचं सगळं त्यांनी हौसेने केलं. डोक्याकडची फळी बेताने उतरवली, पाय बारीक केले, खण अरुंद केले. पलंग तयार झाला तेव्हा तो तोकडा आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्या कामाचं कौतुक त्यांनी पुढे चार जणांना सांगितलंही. नमुन्याच्या घरात कोण झोपायला जातंय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. तिथे लोक चेकबुक घेऊन येतात, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

"बाबा, ही तुमची खोली," लेक म्हणाली. "त्या भाड्याच्या खोलीत एकटे किती दिवस काढणार? टेबल खिडकीशी ठेवू. पेपर वाचत बसा, रेडिओ लावा, काय हवं ते करा."

दोन वर्षांत तिने बघितलेलं हे चौदावं घर. एकाचे कागद साफ नव्हते, एकाला बँक तयार होईना, एकाच्या मालकाने ऐनवेळी किंमत वाढवली. घर बघून बघून पोरगी मेटाकुटीला आली होती. या वेळी कधी नव्हे ते बँकेचं मंजुरीपत्र हातात होतं, आणि सकाळपासून ती तरंगत असल्यासारखी वागत होती.

आता हिला सांगायचं कसं? बोलावं तर तिच्या हातातोंडाशी आलेलं घर जाणार. न बोलावं तर उद्या खरा पलंग या खोलीत येणार आणि दार अडणार. शिवाय तो कंत्राटदार अजून त्यांना काम देत होता. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. आपण नुसतं आडवं व्हावं. पाय पलंगाबाहेर आले की तिचं तिलाच कळेल.

ते चपला काढून पलंगावर निजले आणि त्यांनी पाय ताणले.

टाचा बरोबर गादीच्या काठाशी थांबल्या. सगळा बाजार आपल्याला बुटके मिस्त्री म्हणतो, हे ते घाईघाईत विसरलेच होते.

"अय्या, अगदी काकांच्या मापाचा!" विक्रीवाल्या मुलीने टाळी वाजवली.

लेक हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बाबा, बघा ना. जसा काही तुमच्यासाठीच केलाय."

"ताई, आज टोकनचा चेक दिलात तर हाच मजला ठेवते तुमच्यासाठी," मुलीने फॉर्म पुढे केला. "इथे फक्त सही."

लेकीने पेन घेतलं. मिस्त्री उठून बसले, मग उभे राहिले.

"थांब पोरी. आधी ही गादी धर."

"काका, गादी उचलू नका हां—"

पण बापलेकींनी गादी उचललीसुद्धा. प्लायवर पेन्सिलीने फूट-इंचांत लिहिलेलं होतं: लांबी ५-६, रुंदी २-६. लेक वाकली. पाचाची शेपटी अशी लांब ओढायची तिची शाळेपासूनची सवय होती. तिने त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"हा आपल्याकडचा?"

"आपल्याकडचा."

"आणि खरा पलंग ठेवला तर?"

"दार अर्धंच उघडेल. टेबल विसर."

"ताई, कार्पेट एरिया कागदावर दिलेलाच आहे," विक्रीवाली मुलगी घाईने म्हणाली. "त्यात काही खोटं नाही."

"कागदावर नाहीच खोटं," मिस्त्री म्हणाले. "खोटं मी केलंय. लाकडात."

लेकीने पेनाला टोपण लावलं आणि पर्स उघडली. चेकबुकाचा निळा कोपरा वर आला, तसे मिस्त्रींनी डोळे खाली वळवले. पोरीच्या मनाने घेतलंय, आता ती ऐकणार नाही, असं त्यांना वाटलं.

लेकीने चेकबुक बाजूला सारलं. तळाशी हात घालून टेप काढला, त्याची पट्टी बाहेर ओढली आणि टोक त्यांच्या हातात दिलं.

"दार असायला हवं तिथून सुरू करू," ती म्हणाली. "तुम्ही टोक धरा, बाबा. आकडे मी लिहिते."

आणि तिने बुकिंगचा फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूने पलंगावर ठेवला.